न पुसणारी रांगोळी

अंबत्तूरच्या त्या गल्लीत हेमावतीबाईंची रांगोळी म्हणजे घड्याळ. सहा वाजले की दार उघडायचं, सडा पडायचा आणि तांदळाच्या पिठाचे पंधरा ठिपके उतरायचे. गुडघा न टेकता, कमरेत वाकून. तोंडात ओवी:

पंधरा ठिपके गे, पंधरा माझ्या सया
वळसा घाली माया एकेकीला

घर तंजावरकडच्या जुन्या मराठी लोकांचं. सून ऋजुता सांगलीची, आयटीतली. तिचा नवरा व्यंकटेश महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. सासूची जुनी मराठी तिला अर्धीच कळायची, ओवी मात्र पुरी कळायची.

पंधराचे अकरा झाले ते कुणी मोजले नाहीत. अकराचे सात झाले तेव्हा समोरची कामाक्षी म्हणाली, "काय अक्का, पीठ महागलं का?" हेमावतीबाई हसल्या नाहीत. ओवी नेमकी कधी थांबली, ते ऋजुताला पुढे किती आठवूनही आठवलं नाही.

"झोप येईना गे," त्या एकदा म्हणाल्या. "अंगातून वाफा निघतात. जिना म्हणजे डोंगर झाला. कशात मन म्हणून लागेना."

"पाळी गेली की बायका अशाच," वर्तमानपत्राआडून सासरे उदयसिंह बोलले. "पोटात वायू धरला असेल. ओवा दे तिला."

"पाळी गेली तेव्हा सगळ्या म्हणाल्या, सुटलीस," हेमावतीबाई भिंतीला सांगावं तसं म्हणाल्या. "मीच हातातनं सुटले, ते कुणाला दिसेना."

जबडा दुखायला लागला तेव्हा दाढ काढून आणली. दाढ गेली, दुखणं राहिलं.

मग एका मंगळवारी दार कोरडंच राहिलं. सव्वासातला कामाक्षी अनवाणी धावत आली. त्या गल्लीत रांगोळीविना दार म्हणजे घरात कुणीतरी गेलं.

"काय झालं? कोण?"

हेमावतीबाई स्वयंपाकघरात बसलेल्या, मांडीवर पिठाचा डबा. कामाक्षीनं डबा बाजूला ठेवून हात धरला, तशी ती बाई जी रडायला लागली ती अर्धा तास थांबेना.

"हिला डॉक्टरकडे ने गं," कामाक्षी ऋजुताला म्हणाली. "हात बघ, बर्फ झालाय."

"नेते. हा आठवडा कामाचा फार आहे. पुढच्या आठवड्यात नक्की."

उदयसिंहांना भलतंच झोंबलं होतं. "जित्याजागत्या माणसांच्या घराला असं दार? गल्लीभर शोभा झाली!"

त्याच संध्याकाळी ऋजुतानं रांगोळीचं स्टिकर आणलं. पांढरंशुभ्र, पंधरा ठिपक्यांचं, मुद्दाम मोजून घेतलेलं. "पाच वर्षं हलणार नाही," दुकानदार म्हणाला होता. उंबऱ्यापुढे तिनं ते तळव्यानं दाबून दाबून बसवलं. मनात मायाच होती हो तिच्या. सासूला वाकायला नको, सासऱ्यांना बोलायला जागा नको.

"बघा आई, आता रोजची दगदग नाही."

हेमावतीबाईंनी एकेक ठिपका मोजला. "माझ्याहून नीट आहे गे. आता मी नसले तरी चालेल."

ऋजुता हसली. तिला ती शाबासकी वाटली.

पुढचा आठवडा आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. कामाक्षी समोरून बघायची. स्टिकर आहे हे तिला दिसत होतंच. पण रोज सारखंच भरलेल्या दारावरून काय ओळखायचं? ती आपल्या कामाला लागायची.

सातव्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, पडवळ चिरता चिरता हेमावतीबाई कलंडल्या. रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

डॉक्टरीणबाई एकेक विचारत गेल्या. पाळी जाऊन किती वर्षं? उदास कधीपासून? दम लागायचा? झोप? जबडा? ऋजुता सांगत गेली. एकही उत्तर अडलं नाही. सगळं तिला ठाऊक होतं.

"पाळी थांबल्यावर बाईच्या हृदयाला धोका वाढतो," त्या म्हणाल्या. "त्यात मन असं खचलेलं. एक दुसऱ्याला ओढत नेतं. छातीत कळ येईलच असं नसतं. इतके महिने कुणीच कसं आणलं नाही?"

"ओवा देत होतो," उदयसिंह म्हणाले.

दुपारी माणसं जमू लागली. दारात येऊन जो तो थबकायचा. बाई गेली आणि दारी रांगोळी!

"ते काढ आधी," उदयसिंह सुनेवर खेकसले. "लोक काय म्हणतील?"

ऋजुतानं पाणी ओतलं, घासलं. मग स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं आणि खरवडायला बसली. कडा निघाल्या, वळसे निघाले. ठिपके चिवट. नखात पांढरा चुरा जाऊन बसला.

कामाक्षी शेजारी उभी होती. मदतीला वाकली नाही. "दार कोरडं दिसलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी रोज आले असते गं."

शववाहिकेचा भोंगा वाजला. "सर गं बाजूला," कुणीतरी म्हणालं. ऋजुता उलथनं घेऊन भिंतीला टेकली. अकरा ठिपके निघाले होते, चार राहिले होते. त्या चारांवरून हेमावतीबाईंना घरात आणलं.