पतीचं पूर्ण नाव

पुण्याचा नंबर दिसला की माझ्या सासूबाई फोन पिठाच्या डब्यात टाकायच्या. खरोखरच्या डब्यात, वरून झाकण लावून. आत तो घुरघुरत राहायचा आणि त्या बाहेर गिऱ्हाइकाचं दळण टाकत राहायच्या, जसा काही त्या फोनचा आणि त्यांचा संबंधच नाही. मी एकदा डबा उघडून पाहिलं तर एका दिवसात एकोणीस फोन. त्या दिवसापासून मी फोन माझ्याकडे घेतला. मला लपाछपी जमत नाही. भांडायचं असेल तर तोंडावर भांडावं, असं माझं मत आहे, आणि माहेरी सासरी दोन्हीकडे ते सगळ्यांना माहीत आहे.

मेडशीला रस्त्याच्या कडेला आमची पिठाची गिरणी आहे. कर्ज बाईच्या नावावर घेतलं तर व्याज थोडं कमी पडत होतं, म्हणून मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कागदावर गिरजाबाई इंगळे असं सासूबाईंचं नाव टाकायला लावलं. गिरणी चांगली चालली. मग मागच्या वर्षी मामाजी आजारी पडले. अडीच महिने आम्ही अकोल्याच्या दवाखान्यात काढले, आणि त्यांना घरी आणलं ते पांढऱ्या कपड्यात. तेवढे दिवस गिरणीला कुलूप होतं. पुढे सुतकात, दिवसपाण्यात, दवाखान्याची उधारी फेडण्यात हप्ते राहतच गेले. कर्ज देणाऱ्या कंपनीने शेवटी आमची फाइल पुण्याच्या एका वसुली एजन्सीकडे देऊन टाकली आणि फोन सुरू झाले.

मंगळवारी मोटरसायकलवर दोन माणसं आली. वाईट बोलली नाहीत, पण गिरणीचा फोटो काढला, मोटरचा वेगळा काढला, आणि टेम्पो दारापर्यंत येतो का ते पाहून गेली. जाताना म्हणाली, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसशी बोलून काही ठरवा, नाहीतर सोमवारी आम्ही गिरणी उचलायला येऊ. शिवम, माझा नवरा, मालेगावला टायरच्या दुकानात कामाला आहे. त्याचा पगार आणि घरामागची विकायची मेथी-सांबार, म्हणजे कोथिंबीर, एवढ्यावर घर कसंबसं चालेल. पण गिरणी गेली तर सासूबाईंचं काय होईल, ते माझ्याने बोलवत नव्हतं. मामाजी गेल्यापासून त्या सकाळी उठतात ते फक्त गिरणी उघडायची म्हणून.

शिवम आणि मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून पाहिलं. विजेचं बिल, घरखर्च, दवाखान्याची राहिलेली उधारी काढून महिन्याला अडीच हजार निघत होते. ओढूनताणून नाही, खरोखर निघत होते. शिवम म्हणाला, "चार म्हण. अडीच आयकून ते फोनच ठेवून देतीन."

मी म्हटलं, "चार म्हणू अन् दोन महिन्यानं पुन्हा डब्यात तोंड घालू काय? जेवडे देनं होतीन तेवडेच बोलू."

त्याने अडीचच्या आकड्याखाली रेघ मारली. तसा तो वाद कधी घालतच नाही, आणि त्याचा मला राग येतो ती गोष्ट वेगळी.

शुक्रवारी दुपारी पावणेचारला मीच फोन लावला. पलीकडे निकिता म्हणून पोरगी होती. तिचं मराठी रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ. मला उगाच माझी साडी ठाकठीक करावीशी वाटली.

"मॅडम, तुमचा अकरा हजार महिन्याचा हप्ता आमच्यानं होत नाई," मी म्हटलं. "अडीच हजार होते. दर महिन्याच्या पाच तारखेले. चुकनार नाई."

"ताई, सिस्टिममध्ये कमीत कमी पाच हजार दिसतंय."

"सिस्टिमले सांगा, एक किलो दळनाचे किती भेटते थे. पाच हजार मी आता कबूल करीन अन् तिसऱ्या महिन्यात तुमी पुन्हा हेच फोन करान. तुमालेबी तरास, आमालेबी तरास."

तिने चार म्हटलं, साडेतीन म्हटलं. मी भाजी विकत मोठी झालेली बाई आहे. एक भाव सांगून गप्प राहायचं हे मला कोणी शिकवायला नको. पण भाजीचा सौदा फिसकटला तर जुडी परत टोपल्यात जाते. इथे गिरणी जाणार होती. बोलताना माझा आवाज ठाम होता, पण फोन मी दोन्ही हातांनी कानाला दाबून धरला होता.

"मी सरांना विचारते, लाइनवर थांबा," ती म्हणाली. मग गाणं लागलं. कुठलंतरी आनंदाचं गाणं, तेच तेच चार सूर. मी उन्हात उभी राहून सात मिनिटं ते ऐकलं. सासूबाई गिरणीच्या दारातून माझ्याकडे पाहत होत्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

गाणं थांबलं. "ताई, सरांनी अडीच हजार मंजूर केलेत. व्याजावरचा दंड थांबेल. हप्ता वेळेवर आला तर घरी कोणी येणार नाही."

"कागद पायजे. फोनवरचं बोलनं नको."

"पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. फक्त त्याआधी कर्जदाराची संमती रेकॉर्ड करावी लागते. त्यांच्या स्वतःच्या आवाजात. गिरजाबाईंना फोन द्या."

मला वाटलं, सुटलो. मी धावतच गिरणीत गेले, बटण बंद केलं आणि फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंच्या तोंडाशी धरला. शेजारच्या लिलाबाई ज्वारीचं दळण घेऊन बसल्या होत्या, त्याही सरकून जवळ आल्या.

"आपलं नाव?"

"गिरजाबाई."

"गाव?"

"मेडशी. तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम." सासूबाईंनी शाळेतल्यासारखं सांगितलं.

"पतीचं पूर्ण नाव?"

सासूबाई गप्प.

"आजी, पतीचं पूर्ण नाव सांगा."

"शिवमचे बाबा," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"नाव, आजी. कागदावर आहे ते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, लिलाबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे मला काय माहीत नव्हतं? पण इतक्या खटपटीत ते माझ्या ध्यानातच आलं नाही. तलाठ्याकडे, रेशनला, बँकेत, कुठेही गेलं तरी सोबतची बाई नाव सांगते आणि काम होतं. लिलाबाईंनी तेच केलं. कोणी थांबवायच्या आत फोनवर वाकून त्या ठसक्यात म्हणाल्या, "पंजाबराव संपत इंगळे. लिवून घ्या."



"हा वेगळा आवाज आहे," निकिता म्हणाली. "तिथे कोण बोलतंय? ताई, तिसऱ्या माणसाने उत्तर दिलं तर संमती बाद होते. मला हा कॉल बंद करावा लागेल."

"मॅडम, आयका तं..."

"माझी शिफ्ट पाचला संपते. मी पावणेपाचला एकदाच फोन करते. त्यांनी स्वतः सांगायला हवं. नाहीतर फाइल पुढे जाईल, माझ्या हातात काही नाही." आणि फोन कटला.

लिलाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मी तं चांगल्यासाठीच सांगतलं माय," त्या म्हणाल्या. मी त्यांना काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ते त्यांना जन्मभर पुरलं असतं.

सव्वाचार झाले होते. मी सासूबाईंसमोर बसले. "आत्याबाई, एक नाव घ्याचं हाय फक्त. एक नाव. त्याच्यापायी गिरनी जाऊन राह्यली."

"मले समजते वं."

"मंग काहून नाई घेत?"

"तोंडातून निंगतच नाई. जीभ अशी टाळूले चिपकून राह्यते." त्यांनी खरोखर तोंड उघडून दाखवलं. "अठरा वर्साची आली मी ह्या घरात. सासूनं पयल्या दिवशी सांगतलं, नाव घेतलं का त्याइचं आयुष्य कमी होते. मी कदी नाई घेतलं. चुकूनबी नाई."

मला इतका वैताग आला. साडेचार वाजत आले होते, मोटरचा फोटो कोणाच्यातरी फोनमध्ये तयार होता, आणि मी दोन दिवस जिवाचं रान करून आणलेला सौदा एका नावापाशी अडला होता. त्या वैतागातच मी बोलून गेले, "अवो, लग्नात तं घेतलं असन ना? हळदीकुंकवाले घेता ना सगळ्या बाया? तसाच उखाणा घ्या अन् मोकळ्या व्हा."

बोलले आणि माझं मलाच कळलं. लिलाबाईंनी कपाळावर हात मारला. सासूबाईंचं कपाळ कोरं होतं, गळा मोकळा होता, आणि मी त्यांना उखाणा घ्यायला सांगत होते. मामाजी गेल्यावर अकरा महिन्यांत त्यांना हळदीकुंकवाला एकाही घरून बोलावणं आलेलं नव्हतं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी त्यांचे हात धरले. पिठाने पांढरे झालेले, थंडगार हात होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "जाऊ द्या. नका घेऊ नाव. काय व्हाचं थे होईन."

मी हे मनापासून म्हटलं आणि तरी आत भीतीने माझं काळीज उडत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं. सासूबाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. त्यांची नजर गिरणीच्या तोंडाशी साचलेल्या कोंड्यावर होती. मग म्हणाल्या, "त्याइनंच बशिवली ही. जागाबी त्याइनंच निवडली, का बसमदून उतरलेल्या मानसाले दिसली पायजे म्हनून."

पावणेपाच झाले. फोन आला नाही. चार अठ्ठेचाळीस. चार एकोणपन्नास. मी स्क्रीनकडे इतकं टक लावून पाहिलं की डोळ्यांत पाणी आलं. मीच लावला तर लाइन व्यस्त. अकोल्याकडची बस आली, थांबली, गेली. चार बावन्नला तो नंबर उजळला.

"ताई, एक कॉल लांबला. चटकन घेऊया."

मी फोन सासूबाईंपुढे धरला. लिलाबाईंनी स्वतःच्या तोंडावर पदर दाबून धरला. नाव झालं, गाव झालं.

"पतीचं पूर्ण नाव?"

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरून पदर घेतला, नीट, कपाळापर्यंत, जसा त्या मामाजी ओसरीवर आले की घ्यायच्या. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. मग अगदी पुटपुटल्यासारखं काहीतरी आलं.

"आजी, ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगा."

मी डोळे मिटून घेतले.

"पंजाबराव," सासूबाई म्हणाल्या.

म्हणाल्या कशाच्या, त्यांनी हाकच मारली. वावराच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला मारतात तशी, लांबवून. पुढचं "संपत इंगळे" त्या मानाने हळू आलं. रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावरचे दोघं वळून पाहायला लागले.

"धन्यवाद," निकिता म्हणाली. तिचा आवाजही जरासा बदलला होता. "महिना अडीच हजार रुपये, दर पाच तारखेला. मान्य आहे?"

"मान्य हाय."

"पत्र पाठवते, आजी. आता फोन येणार नाहीत."

चार सत्तावन्नला पत्र आलं. मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. रक्कम बरोबर होती, तारीख बरोबर होती, खाली शिक्का होता. शिवमला फोन लावला तर मला बोलताच येईना, नुसती रडले, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं गिरणी गेली. लिलाबाईंनी फोन माझ्या हातातून घेऊन त्याला सांगितलं.

सासूबाईंना मी पत्र वाचून दाखवायला गेले. त्या अजून तशाच उभ्या होत्या, पदर कपाळावर, नजर दाराबाहेर रस्त्यावर. मी म्हटलं, "आत्याबाई, झालं. आता कोनी येत नाई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "कोनी येत नाई."

मला आधी वाटलं, त्या पत्राबद्दलच बोलताहेत.

"चाळीस वर्सं एका घरात काढले," त्या म्हणाल्या. "कदी नावानं हाक नाई मारली त्याइले. आज मारली, तं ओ द्याले मानूस नाई."