उजवी बाजू

"दोन लाख दहा हजार युरो?" लेआर्कोने कप बशीवर आपटला. "डोकं फिरलंय का त्यांचं! तेवढ्यात माझं घर येईल, मागच्या अंगणासकट."

"तुझं घर ताशी तीनशे तीसने धावतं का?" काउंटरमागून ओनेलिया म्हणाली. हा बार तिचा, त्यामुळे शेवटचा शब्दही बहुधा तिचाच असे.

"तीनशे तीसने धावून जायचं कुठे? पुढच्या सिग्नलला?"

लेआर्कोचं वय अठ्ठ्याहत्तर. इटलीतल्या मोदेनाच्या या भागात त्याने चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकले होते. आता कानाने कमी ऐकू येई आणि आवाज त्या मानाने वाढला होता. निवेस त्याच्या शेजारी उभ्यानेच कॉफी पीत होती. हातातल्या गरम नोक्को पावात ओनेलियाने मोर्तादेल्ला या डुकराच्या मांसाच्या चकतीची घडी घालून दिली होती. तो अजून तसाच होता.

समोरच्या कारखान्यात आज नव्या गाडीचं मातीचं मॉडेल उघड्या उजेडात बाहेर निघणार होतं. ही गोष्ट अत्यंत गुप्त होती. बारमधल्या अकराही जणांना ती ठाऊक होती.

"आजकालच्या गाड्या म्हणजे नुसती तोंडं," लेआर्को म्हणाला. "पुढे तोंड, बाजूला तोंड, मागे तोंड. गाडी आहे की मासळीबाजार?"

"इंजिन पाठीत बसवलंय, काका. त्याला हवा लागते," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"आमच्याही वेळी पाठीतच होतं! तेव्हा हवा लाजत यायची, एवढ्याशा फटीतून."

"आणि ऑगस्टमध्ये वाफ सोडत रस्त्याच्या कडेला उभं राहायचं," ओनेलिया म्हणाली. सगळे हसले. "शिवाय दोन लाख मोजणाऱ्याला शेजाऱ्यापर्यंत काहीतरी पोचवायचं असतं की नाही? फटीतून काय दिसणार?"

"ज्याला दिसायचं त्याला दिसतं." लेआर्को निवेसकडे वळला. "काय गं, तू बोल ना. तुझे हात लागलेत तिला."

"मला काही माहीत नाही," निवेस म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, ते सगळ्यांनी पाहिलं आणि बार खूश झाला.

निवेस वांदेल्ली एकोणसाठ वर्षांची होती. सव्विसाव्या वर्षी ती सास्सुओलोच्या फरशीच्या कारखान्यातून इथे मातीकामाला आली. तेहतीस वर्षांत तिने चौदा गाड्यांना आकार दिला, म्हणजे दुसऱ्यांनी कागदावर काढलेल्या रेषा मातीत उतरवल्या. तीन आठवड्यांनी ती निवृत्त होणार होती. आजची गाडी पंधरावी, आणि तिची उजवी बाजू मात्र वेगळी होती.

या कारखान्यात मॉडेल दोन रूपांचं करत. डाव्या अंगाला एक कल्पना, उजव्याला दुसरी; दोन्ही समोरासमोर ठेवून एक निवडायची. डावी बाजू तोबिया फेर्रारिनीची, तिशीतला हुशार डिझायनर. उजवी ज्याची होती तो जानेवारीत नोकरी सोडून जर्मनीला गेला, मागे दोन पुसट रेखाटनं ठेवून. मालकांनी तेव्हा जाता जाता म्हटलं होतं, "निवेस, ती बाजू तूच बघ." आराखड्यावर उजव्या बाजूच्या डिझायनरच्या नावाची जागा तेव्हापासून कोरी होती. ती कोणी भरली नाही आणि निवेसने भरा म्हटलं नाही. पाच आठवडे ती रोज सगळ्यांच्या आधी येऊन माती मऊ करायची भट्टी लावत होती.

साडेनऊला आठ जणांनी मॉडेल अंगणात ढकललं. दोन टन वजन, खाली चाकं, वर ताणून बसवलेली चंदेरी पन्नी. धुकं विरलं होतं. मार्चचं ऊन पन्नीवर पडलं आणि माती एकदम पत्र्यासारखी चमकली. निवेसने नेहमीप्रमाणे गाडीचं नाक सूर्याकडे केलं. दोन्ही बाजूंना सारखा उजेड.

मालक इंजिनिअर कोर्राडी हात मागे बांधून आले. वयाने सत्तरीचे, बोलणं कमी. त्यांच्यासोबत विक्रीप्रमुख साब्बातिनी, पदवीमुळे सगळे त्यांना डॉक्टर म्हणत; हातात आकड्यांचा कागद. प्रथा अशी की मालक दोन्ही बाजू बघत, सगळ्यांना मनसोक्त भांडू देत आणि शेवटी निवडलेल्या बाजूच्या मागच्या टायरवर खडूने आपली सही करत. सही झाली की वाद बंद.

"सुरू करा," इंजिनिअर म्हणाले.

तोबियाने श्वाससुद्धा घेतला नाही. "डावी बाजू बघा. दारामागे हे मोठं काळं तोंड, त्यात उभं पातं. हवा इथून आत जाते हे लहान मुलालाही कळतं. इंजिन कुठे आहे ते गाडी स्वतः सांगते. लपवायचं कशाला?"

"आणि मागचा सगळा भाग एका साच्यात निघतो," साब्बातिनींनी जोडलं. "दोन लाख दहा. उजवीकडे तोच पत्रा दोन तुकड्यांत करून जोडावा लागेल, वर हाताने घासकाम. अठरा हजार जास्त. दोन लाख अठ्ठावीस! त्या किमतीला लोक दुसऱ्यांच्या दारात जातात, इंजिनिअरसाहेब, आणि त्या दारांवरची नावं आपल्यापेक्षा मोठी आहेत."

"आधी उजवी बघा तर खरं," इंजिनिअर म्हणाले.

सगळे फिरून पलीकडे गेले.

उजवीकडे तोंड नव्हतंच. दाराची वरची कड मागे जाता जाता काचेपासून किंचित सुटत होती आणि त्या सुटलेल्या सावलीतून हवा आत शिरत होती. खालचं अंग दारापासून मागच्या चाकापर्यंत मोकळं. त्यावरून उन्हाची एक रेघ निघाली होती ती कुठेही न अडखळता चाकावरच्या फुगवट्यावर चढून पलीकडे उतरत होती. साब्बातिनी एक पाऊल डावीकडे सरकले, रेघही सरकली. ते परत उजवीकडे सरकले. आपण काय करतोय हे ध्यानात आल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली.

"हं," ते म्हणाले.

"हं म्हणजे काय, डॉक्टर?"

"म्हणजे हिचे दोन लाख अठ्ठावीस मागायला मला लाज वाटणार नाही. चाळीससुद्धा मागेन."

"अहो, आत्ता तर तुम्ही—" तोबिया उसळला.

"आत्ता मी तिकडे उभा होतो!"

अंगणात हशा पिकला. मग एकच गलका झाला. पत्रेवाले म्हणाले, दोन तुकडे जोडणं काही अवघड नाही, माणसं द्या. तोबिया म्हणाला, ही गाडी सुंदर आहे पण बोलत नाही, आणि तरुण गिऱ्हाइकाला बोलणारी गाडी हवी. "तरुण गिऱ्हाईक पाहिलंयस का कधी?" साब्बातिनी म्हणाले. "आपल्या गिऱ्हाइकाचं सरासरी वय त्रेपन्न. त्याला गाडीत बसताना गुडघा धरावा लागतो!"

निवेस मागे उभी होती. छाती इतकी धडधडत होती की ती बाहेर ऐकू जाईल असं तिला वाटलं. इंजिनिअरांनी खिशातून खडू काढला होता. तो त्यांच्या बोटांत फिरत होता. ते उजव्या बाजूच्या मागच्या टायरकडेच बघत होते.

तिने पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं. उघड्या उन्हात ती पहिल्यांदाच बघत होती. रेघ फार शांत होती. तिच्या तेहतीस वर्षांत या जागी, दारामागे वीतभर, कोणत्याही गाडीची रेघ जराशी का होईना पण बाहेर ढकलली जायची, कारण आत रेडिएटर असतो आणि त्याला जागा लागतेच. इथे काहीच ढकललं गेलं नव्हतं.

आणि मग तिला पितळी खिळा आठवला.

किती खोल तासायचं याची खूण म्हणून मातीत पितळी खिळे रोवलेले असतात. माती तासताना खिळ्याचं टोक दिसलं की थांबायचं. त्याच्या आत यंत्रांचं राज्य. दारामागचा तो एक खिळा तासायच्या पात्याला सारखा लागत होता आणि पन्नीखाली ओरखडा उठवत होता. फेब्रुवारीत एका सकाळी तिने तो उपटला, तिथली माती एकसारखी केली आणि खिळा परत दाबून बसवला. पृष्ठभागाला बरोबर टेकेल असा. म्हणजे तासून झालेल्या पृष्ठभागाला. त्यानंतर पुन्हा तासलं, पुन्हा खिळा अडला, पुन्हा दाबला. शिकाऊ पोरांना ती पहिल्याच दिवशी सांगायची की खिळा काढायचा नाही.

सगळे चाकापाशी उभे राहून भांडत होते. ती पुढे झाली, अंगणाच्या कडेला ठेवलेला मापाचा दांडा आणला, मधल्या रेषेपासून अंतर घेतलं. मग पुन्हा घेतलं.

सात मिलिमीटर कमी.

ही गोष्ट कळायला कारखान्याला तीन महिने लागले असते. यंत्रविभाग पत्र लिहील, कोणीतरी इथे सात मिलिमीटर वाढवील, तोवर सही झालेली असेल, पत्र्याच्या साच्यांची मागणी गेलेली असेल. आणि ती घरी बसून वर्तमानपत्रात आपल्या गाडीचा फोटो बघत असेल. थोडा बदललेला, पण आपलाच.

इंजिनिअर टायरपाशी वाकले.

"इंजिनिअरसाहेब, थांबा," निवेस म्हणाली. "ही बाजू खोटी आहे."

खडू टायरपासून बोटभर अंतरावर थांबला.

"दारामागे सात मिलिमीटर आत गेलेय. खिळा मी हलवला होता. इथे रेडिएटर मावणार नाही. मावलाच तर मागून हवा सुटायला जागा नाही, इंजिन तापेल."

इंजिनिअर सावकाश सरळ झाले. "नक्की?"

"दोनदा मापलं."

"निवेस, तू?" पत्रेवाल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं.

"मीच," ती म्हणाली.

इंजिनिअर रागावले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं. "सात मिलिमीटर लावायला किती वेळ?"

"पाऊण तास."

"लाव. आम्ही कॉफी घेतो."

पन्नी सोलली गेली. भट्टीतून गरम माती आली. निवेसने ती अंगठ्याने दाबत दाबत लावली, लांब पट्टीने ओढली, पात्याने उतरवली. तोबिया न सांगता दुसऱ्या टोकाला उभा राहून पट्टी धरत होता. दारापासून चाकापर्यंत नवी वाट शोधण्यात ती इतकी गुंतली की मघाची धडधड कधी थांबली हे तिला कळलंही नाही. दोनदा रेघ सापडली असं वाटलं, दोनदा निसटली. नवी पन्नी ताणली गेली. सगळे आले.

गाडी वाईट नव्हती. जरा भरदार, नीटनेटकी. ऊन दारावरून निघालं, मागे येऊन क्षणभर थबकलं आणि मग पुढे गेलं.

साब्बातिनी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. त्यांनी घडी घातलेला कागद उलगडला. "चांगली आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ होता. "पण आता हिला मला अठरा हजार जास्त मागता येणार नाहीत. मघाशी आले असते."

"सात मिलिमीटरला अठरा हजार," इंजिनिअर म्हणाले. ते हसले नाहीत. निवेसकडे बघून त्यांनी मान किंचित लववली, ओळखीच्या माणसाला रस्त्यात करावी तशी. मग पलीकडे जाऊन डाव्या टायरवर सही केली. टाळ्या वाजल्या. तोबियाच्या पाठीवर थापा पडल्या, ओनेलियाकडून बाटल्या मागवा असा ओरडा झाला, आणि पंधरावी गाडी ठरली.

दुपारी मॉडेल आत आलं. आता उजवी बाजू डावीसारखी करायची होती, म्हणजे गाडी पुरी होईल. बाकीचे अजून बारमध्ये होते. रस्त्यापलीकडून लेआर्कोचा आवाज इथवर येत होता. तोबिया मात्र आला. तोंडाला वाइनचा वास होता, पण डोळे ताळ्यावर होते.

"तू बोलली नसतीस तर आज तुझ्या बाजूवर सही झाली असती."

"आणि तीन महिन्यांनी तुझ्याच वयाचा कोणीतरी इथे सात मिलिमीटर चिकटवत बसला असता. कोणाची चूक हे त्याला ठाऊकही नसतं." तिने रुंद पातं उचललं. "तुझ्या बाजूचे आकडे वाच. दारापासून मागे."

तोबिया डावीकडे गेला, मापाचा दांडा लावला आणि आकडे सांगू लागला. ती ऐकत होती, खूण करत होती, तासत होती. मातीच्या तपकिरी सालपटांचा जमिनीवर ढीग होऊ लागला. दारामागे पोचल्यावर तो थांबला. गाडीवरून मान उंच करून त्याने पलीकडे पाहिलं.

"निवेस, एवढा भाग उद्यापर्यंत तसाच ठेवू या का?"

तिने हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसलं.

"नको," ती म्हणाली. "गार झाली की माती हट्टी होते. पुढचा आकडा सांग."