उताराची टिकली

"आजी, पुढचा आकडा म्हण ना!"

"म्हणते. आधी समोर बघ. माझ्या तोंडावर उतरवायचंय का विमान?"

मखमलाबादच्या आमच्या मळ्यात, अवजारांच्या खोलीत रूपालीनं भिंतीवर विमानातल्या यंत्रांचा कागद चिकटवलाय. खुर्चीवर ती पायलट, शेजारी पाटावर मी. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली. पण बाजारात झेंडू विकताना काट्याचा आकडा मला कुणी चुकवून दाखवावा!

गेल्या महिन्यात पोरगी पायलटच्या परीक्षेत नापास झाली. ढगात डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा धावपट्टीकडून रेडिओची खूण येते. ऑटोपायलटचं बटण दाबलं की विमान ती खूण धरून आपोआप खाली येतं. हिनं बटण दाबलं आणि बसून राहिली. खूण पकडल्याची दिशेची बत्ती हिरवी झाली, खाली यायच्या उताराची झालीच नाही. विमान धावपट्टीवरून सरळ पुढे! उद्या शेवटची संधी.

बत्ती म्हणून मी कागदावर हिरवी टिकली लावायची, असं ठरलं होतं.

"दोन हजार फूट," मी म्हटलं. दिशेची टिकली लावली, उताराची मुठीत ठेवली.

"दिशा हिरवी, उतार हिरवा."

"कुठं हाय हिरवा? डोळे फुटले का?"

"सवयीनं आलं गं तोंडात! बटण तर दाबलंय ना मी."

"तुझ्या आजोबांनीबी दाबलं व्हतं. मोटरच्या स्टार्टरचा ऑटो बंद केला, असं त्यांना वाटलं. बघितलं नाय. विहिरीत मोटरचा पाइप सोडवायला उतरले. लाईट आली, मोटर आपोआप चालू झाली. पाण्यात करंट."

रूपालीनं ओढणीनं डोळे पुसले. आजोबा विहिरीत गेले, एवढंच तिला घरात कळलेलं.

"आता नाक पूस. लय झालं. पयल्यापासून, आन् बोट लावून मोठ्यानं म्हण."

मी पुन्हा आकडे म्हटले. टिकली पुन्हा एकच लावली.

"दिशा हिरवी. उतार..." तिचं बोट कोऱ्या कागदावर थांबलं. "उतार नाही. ऑटो काढला. विमान माझ्या हातात. परत वर." मग माझ्याकडे वळली. "बरोबर?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

उरलेली टिकली तशीच मुठीत धरून मी झेंडूला पाणी सोडायला निघाले. स्टार्टरच्या ऑटोवर, तो कुणी चालू करू नये म्हणून, त्यांच्या धोतराची चिंधी पंधरा वर्षं घट्ट बांधलेली आहे. तरी बोट लावून पाहिलं.

"बंद," मोठ्यानं म्हटलं.