हजारावा शिक्का

बाबांच्या नावाचं कार्ड मी शक्य तितकं त्यांच्याच अक्षरात भरलं. डेल्मर लिंडहोम. आडनावाचं पहिलं अक्षर ते मोठं आणि तिरकं काढायचे, तेवढं जमलं. टेबलामागच्या मुलीने कार्डाकडे न बघताच त्यावर तारीख उमटवली आणि दहा किलोमीटरसाठी पिवळे बाण, वीससाठी निळे, असं सांगून मला वाटेला लावलं.

हिर्शबाख गावातल्या अग्निशमन दलाच्या शेडमध्ये त्या रविवारी फेरीची सुरुवात होती. बंब बाहेर चिखलात उभा होता आणि त्याच्या जागी लाकडी टेबलं मांडली होती. सकाळचे आठ वाजले होते, तरी सॉसेज उकळायला ठेवलेले होते. माझ्या पाठपिशवीत बाबांची शिक्क्यांची वही होती. जर्मनीतल्या फाल्त्सच्या या भागात दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात अशी फेरी असते. कार्ड घ्यायचं, रानातून चालायचं, वाटेतल्या नाक्यांवर कार्डावर शिक्के घ्यायचे आणि परत आल्यावर वहीत एक मोठा शिक्का मारून घ्यायचा. बाबांच्या वहीत नऊशे नव्व्याण्णव शिक्के होते. हजारावा घ्यायला मी आले होते.

बाबा जाऊन तीन आठवडे झाले होते. एका रविवारी सकाळी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधताना गेले. एका बुटाची बांधून झाली होती. त्यांच्या रक्षेचा कलश लाउअर नावाच्या गृहस्थांकडे होता. अंत्यविधीची व्यवस्था तेच बघत होते. कलश घरी ठेवायची इथे मुभा नाही, तो कुठल्यातरी स्मशानभूमीतच जावा लागतो. ती इथली की नेब्रास्कातली, एवढंच त्यांना माझ्याकडून हवं होतं. सोमवारपर्यंत सांगा, असं ते फार हळू आवाजात म्हणाले होते.

नेब्रास्कात व्हर्लीन आत्याने बाबांसाठी जागा घेऊन ठेवली आहे. बारा वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, तेव्हाच तिने शेजारची जागाही घेतली आणि दगड बसवून टाकला. त्यावर बाबांचं नाव आहे, १९४९ आहे, त्यापुढे एक आडवी रेघ आहे आणि रेघेपुढे कोरा दगड. आमच्याकडे असं करतात, त्यात कुणाला अशुभ वाटत नाही. मेच्या शेवटच्या सोमवारी गावातले सगळे आपापल्या माणसांना फुलं वाहायला जातात. आत्या यजमानांसाठी पिओनीचा एक गुच्छ नेते आणि दुसरा त्या रिकाम्या जागेवर ठेवते. मी जागा धरून ठेवलीय म्हणावं त्याला, असा निरोप ती दर वेळी द्यायची, शाळेच्या बसमध्ये शेजारची सीट धरावी तसा.

आणि बाबा दर वेळी म्हणायचे, हजार झाले की येतो.

हे वाक्य माझ्याही आधीचं आहे. एकाहत्तर साली अमेरिकन सैन्यातला बावीस वर्षांचा शिपाई म्हणून ते इथे आले आणि पहिल्याच शरदात कुणाबरोबर तरी फेरीला गेले. सैन्यातून सुटल्यावर तळावरच्याच गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले. आईला त्यांनी शब्द दिला होता, हजार फेऱ्या झाल्या की आपण घरी जायचं. शिक्के तीनशे बारा झाले, तेव्हा आई स्वयंपाकघरात पेन्सिल घेऊन बसली. वर्षाला साधारण अठरा होतात, म्हणजे अजून अडतीस वर्षं, असं तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बारा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात ती मला घेऊन अमेरिकेला निघून गेली. सत्ताविसाव्या वर्षी मी तळावरच्या शाळेत गणित शिकवायला परत आले. दोन वर्षांसाठी. त्याला आता एकवीस वर्षं झाली.

दर शनिवारी संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. उद्या अमक्या गावात आहे, दहाच किलोमीटर, वाटाण्याचं सूप चांगलं असतं तिथलं. माझ्या तपासायच्या वह्या असायच्या, नाहीतर नुसता कंटाळा असायचा. पुढच्या रविवारी नक्की, असं मी म्हणायचे. वर्षातून एकदा जायचेही.

वही त्यांच्या गाडीत सापडली. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरचा. वहीखाली रबर लावलेला कार्डांचा एक गठ्ठा होता. मी घरी आणून मोजली, एक्केचाळीस निघाली. प्रत्येकावर वाटेतल्या नाक्यांचे शिक्के होते, पण त्या तारखांचा एकही शिक्का वहीत नव्हता. म्हणजे दोन वर्षं बाबा पूर्ण फेरी चालत होते आणि परत आल्यावर वही पुढे करायला विसरत होते. एकदा विसरणं मी समजू शकते. एक्केचाळीस वेळा विसरणाऱ्या माणसाला काय झालेलं असतं ते मला माहीत आहे, माझ्या आजोबांना झालं होतं. शनिवारच्या फोनवर मला ते कधीच जाणवलं नाही. तीन आठवडे मी हेच उगाळत बसले होते.

म्हणून मी ठरवलं की राहिलेला एक शिक्का घ्यायचा. हजार पुरे करायचे, मग सोमवारी लाउअरना नेब्रास्का सांगायचं. शब्द दिला होता, तो पाळता येईल. त्यांच्यासाठी एवढं एकच करता येण्यासारखं उरलं होतं.

वाट बीच जातीच्या उंच झाडांमधून चढत होती. रात्री पाऊस झाला होता आणि पानांवरून पाय सटकत होता. पुढे एक म्हातारं जोडपं चाललं होतं. बाई नवऱ्याला सांगत होती, तुला चढ लागला की बरोबर निसर्ग दिसायला लागतो, दर दहा पावलांनी थांबून बघतोस. तो म्हणाला, पस्तीस वर्षं तुझ्या मागे चालतोय, निसर्ग दिसतोय कुठे. मला वाट देताना दोघांनीही अभिवादन केलं. मी कुठली, असं कुणी विचारलं नाही.

दुसरा नाका रानाच्या कडेला होता, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. तिथे एगॉन नावाचा एक दांडगा गृहस्थ उभा होता. त्याला मी बाबांबरोबर एक-दोनदा पाहिलं होतं, पण त्याने मला ओळखल्याचं दिसलं नाही. समोरच्या माणसाला तो म्हणत होता की चहात लिंबू आहे, रम नाही, रम हवी असेल तर वीस किलोमीटर चाला. मग त्याने माझं कार्ड घेतलं. नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा नाव वाचलं. हातातला शिक्का थोडा वेळ तसाच वर राहिला. शेवटी त्याने तो अगदी नीट, चौकटीच्या मधोमध मारला आणि मग माझ्यासाठी चहा ओतला. साखरेचे दोन खडे टाकले.

"मी साखर घेत नाही," मी म्हणाले.

"तो घ्यायचा," एगॉन म्हणाला.

मी तो चहा तिथेच उभी राहून सगळा प्यायले.

शेडमध्ये परत आले तेव्हा साडेबारा झाले होते. आत गर्दी होती, ओल्या कोटांचा आणि सुपाचा वास येत होता. शेवटच्या टेबलाशी फ्राउ एमरिश बसल्या होत्या. फेरी कुठल्याही गावात असो, तीस वर्षं वहीतला शिक्का त्यांच्याच हातात आहे. बाबा त्यांना रोझी म्हणायचे. ऐंशीला आल्या आहेत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवतात. मी वही आणि कार्ड पुढे ठेवलं. त्यांनी वही उघडली नाही. कार्डावरच्या नावावर नुसतं बोट ठेवलं.

"हे तू लिहिलंस."

मी हो म्हणाले. मग घाईघाईने सगळं सांगून टाकलं. आत्याची जागा, सोमवार, एकच शिक्का राहिलेला. शेवटी हेही सांगितलं की बाबांना शेवटी-शेवटी लक्षात राहत नव्हतं बहुतेक, एक्केचाळीस वेळा ते वही द्यायला विसरले, आणि मला कळलं नाही. हे वाक्य मी आधी कुणाजवळही बोलले नव्हते.

फ्राउ एमरिशनी चष्मा काढला.

"विसरला? डेल?" त्या म्हणाल्या. "पोरी, गेल्या वर्षी वसंतात मी कुणाच्या वहीत चुकीचा आकडा घातला, ते महिनाभर मला ऐकवत होता तो. काही विसरत नव्हता."

"मग हे?"

"दर वेळी माझ्या टेबलाशी येऊन बसायचा. तू उभी आहेस तिथे. सूप प्यायचा. मी हात पुढे करायचे, वही दे म्हणायचे. तर म्हणायचा, आज नको, रोझी. पुढच्या रविवारी."

मागे कुणीतरी रांगेत होतं. फ्राउ एमरिशनी त्याला हाताने थांबवलं.

"पहिल्यांदा मला वाटलं, थट्टा करतोय. मग एकदा सरळ विचारलं. तेव्हा म्हणाला, हजार झाले की मला जावं लागेल, बहिणीला शब्द दिलाय. मी म्हटलं, मग नको ना मोजूस, चालायला कोण अडवतंय तुला? तर म्हणाला, तेच तर करतोय." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुला सांगेन म्हणाला होता. नाही सांगितलं?"

मी नाही म्हणाले. सांगणार कधी होते ते? शनिवारी फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. दहा किलोमीटर शेजारी चालताना, मधेच, झाडाकडे बघत सांगितली असती.

फ्राउ एमरिशनी शाईची पेटी उघडली आणि शिक्का हातात घेतला. "तू म्हणशील तर मारते," त्या म्हणाल्या. "नियमात बसत नाही. चाललीस तू, तो नाही. पण तू त्याची मुलगी आहेस. मी विचारणार नाही."

वहीवर शिक्का पडला असता तर उद्याचं उत्तर सोपं होतं. आत्याला वाईट वाटलं नसतं. दगडावरच्या रेघेपुढे आकडा आला असता. मी वहीकडे बघत राहिले. कोपरे घासून पांढरे पडले होते आणि पुठ्ठ्यावर कधीतरी सांडलेल्या सुपाचा डाग होता.

"आज नको," मी म्हणाले.

त्यांनी शिक्का खाली ठेवला. पेटीचं झाकण लावायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. मग कार्ड माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "सूप पिऊन जा. तुझं तोंड पांढरं पडलंय." आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, "हं, तुम्ही. वही सरळ धरा जरा."

सूप पिऊन मी बाहेर गाडीत जाऊन बसले आणि नेब्रास्काला फोन लावला. तिकडे सव्वासहा वाजले असतील. आत्या पाचलाच उठते.

"कोरिन ना? एवढ्या सकाळी दुसरं कोण उठवणार मला."

"झोपली होतीस?"

"नव्हते. पण म्हणायला काय जातं."

मी तिला पहिल्यापासून सांगितलं, काही वगळलं नाही. एक्केचाळीस कार्डं, सूप, आज नको रोझी. बाबांना इथेच ठेवावं असं मला वाटतं, हिर्शबाखच्या चर्चमागे जागा आहे, असंही सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मला ऐकू येत होतं.

"कोठार रंगवतो म्हणाला होता," ती शेवटी म्हणाली. "सैन्यात गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात. परत आलो की रंगवतो. आमच्या बाबांनी रंग आणून ठेवला. कोठार पडलं, तरी डबे तसेच. मीच टाकून दिले." मग म्हणाली, "येणार नव्हताच तो. मला काय कळत नव्हतं? पण तो म्हणायचा, मी ऐकायचे. आमचं बरं चाललं होतं."

"रागावलीस?"

"रागावलेय तर. मेलेल्यावर रागावता येत नाही असं कुठे लिहिलंय?" तिचा आवाज ताठ होता, मग तो तसा राहिला नाही. "दगडावर नाव आहे त्याचं, कोरिन. त्याचं काय करू मी? मेमध्ये फुलं घेऊन कुणाकडे जाऊ?"

इथल्या कबरीची मी काळजी घेईन, दर आठवड्याला झारीने पाणी घालीन, असं काहीतरी बोलायला लागले आणि मधेच थांबले. तिने इथल्या कबरीबद्दल विचारलंच नव्हतं. काचेवर पाण्याचे थेंब जमत होते. शेडच्या दारातून ते म्हातारं जोडपं बाहेर आलं. नवरा बायकोची पाठपिशवी उघडून तिच्यात काहीतरी कोंबत होता आणि ती वैतागून उभी होती.

"तू तरी ये," आत्या म्हणाली. "एकदा तरी मेमध्ये. मी चौऱ्याऐंशीची आहे."

पुढच्या वर्षी नक्की, हे शब्द तोंडापर्यंत आले होते. ते मी कितीदा वापरलेत, कोणाच्या तोंडून शिकलेय, हे त्या क्षणी फार स्पष्ट दिसलं.

"सव्वीस मे," मी म्हणाले. "सोमवार आहे. मी शनिवारीच येते. तिकीट आज काढते, घरी गेले की लगेच."

"तुझ्या बापासारखं बोलू नकोस."

"नाही. लिहून घे."

तिने रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला, फोन ठेवल्याचा नाही, टेबलावर आडवा ठेवल्याचा. ड्रॉवर उघडला गेला, दुसरा उघडला गेला, काहीतरी खाली पडलं आणि ती पेन्सिलीला नावं ठेवत परत आली.

"हं," ती म्हणाली. "पुन्हा सांग तारीख. सावकाश."