आधी कोणाला सांगायचं

मित्रांनो, कोनादूच्या कपाटावर धूळ खात पडलेला लॅपटॉप तो मीच. पडद्याला चीर गेलीय, बॅटरी केव्हाच फुगलीय. मला आता फारसं काही वाटत नाही, म्हणून झालं ते सरळच सांगतो.

एका थंड देशातल्या कचेरीत मी चार वर्षं राबलो. मग टाकाऊ ठरलो, जहाजातून आलो आणि कुमासी शहराच्या बाजारात जुन्या इस्त्र्यांशेजारी बसलो. कोनादूने मला उचललं. ती शिवणकाम शिकवायची आणि तिला ब्लॉग लिहायचा होता. पहिलं वर्षभर तिने शाळेतल्या निबंधासारखं लिहिलं. वाचायला काळं कुत्रंही फिरकलं नाही.

एकदा तिने ते आजीला वाचून दाखवलं. बिरागो आजी शेंगदाण्याचा रस्सा ढवळत होती.

"अगं बाई, हे तू कोणाला सांगतेयस? भिंतीला?" आजी म्हणाली. "आधी माणसाला जेवलास का विचारावं, मग बोलावं!"

कोनादू तसं लिहू लागली. आजीने कांडलेला फुफूचा मऊ गोळा, आजीची भांडणं, आजीचा गुडघा. लोक यायला लागले. परदेशातल्या नर्स, टॅक्सीवाले लिहायचे, "ताई, घरी जाऊन आल्यासारखं वाटलं." आजी ते ऐकून खूश व्हायची. मला रोज मऊ फडक्याने पुसत. बरे दिवस होते.

मग एका मंगळवारी सकाळी आजी गेली.

आमच्याकडे मरण आधी कुळप्रमुखाच्या कानावर घालतात, दारूची बाटली घेऊन, त्याच्या दारी जाऊन. तोवर मोठ्याने रडायचंही नाही. आमचे कुळप्रमुख म्हणजे आजीचे धाकटे भाऊ, अद्दाई आजोबा. ते गावी असतात.

"उद्या पहाटे निघू," कोनादूची आई म्हणाली. "तोवर कोणी विचारलं तर आजीला बरं नाही म्हण. तोंडातून शब्द काढू नकोस."

कोनादूने तोंडातून शब्द काढला नाही. तिने लिहिलं. वाचक म्हणजे काही गाव नव्हे, असं तिला वाटलं असावं. इतकं चांगलं तिने आजवर लिहिलं नव्हतं. दुपारपर्यंत हजारो लोकांनी वाचलं, आणि त्यांत एक होती अद्दाई आजोबांची इटलीतली सून. तिने लगेच फोन लावला, "बाबा, आत्याबाई गेल्या हो!" आजोबा तेव्हा शेतात होते म्हणे. मी तिथे नव्हतो, ऐकलेलं सांगतो.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी बाटलीला हात लावला नाही. "जगभर दवंडी पिटून झाली, आता माझ्याकडे कशाला आलात?"

ते हो म्हणेपर्यंत अंत्यविधीचा दिवस ठरेना. सहा आठवडे आजी शवागारात राहिली. आई कोनादूशी बोलेना. कोनादू मला उघडायची, नुसती बघत बसायची, मिटायची. जेवायची, शिकवायला जायची. रडायची मात्र नाही.

शेवटी मायलेकी दंडाची मेंढी घेऊन माफी मागायला गेल्या. मलाही नेलं, कारण आजोबांनी निरोप धाडला होता: काय एवढं लिहिलंय ते मला ऐकू दे.

कोनादूने मला मांडीवर घेतलं आणि पहिलं वाक्य वाचलं. "माझ्या माणसांनो, ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला सांगतेय."

"थांब. परत वाच."

तिने परत वाचलं.

आजोबा म्हणाले, "माझी आई गेल्यावर मी तुझ्या आजीच्या पाठीवर वाढलो, पोरी. मग मी कोण?" आणि चारचौघांत रडायला लागले. पुढचं कोणी वाचायला सांगितलं नाही.

त्यांनी दिवस दिला. आजीला माती मिळाली. कोनादूने मला कपाटावर ठेवलं. ती कुठे गेली, असं वाचक अजून विचारतात म्हणे.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. लिहा, परक्यांना जीव लावा. पण लिहिण्याआधी घरच्यांना फोन करा. आणि बातमी मोठी असेल तर फोनही करू नका, उठून जा.