काट्याला पाणी कळत नाही

मी एक जुना वजनकाटा आहे. सध्या कोलकात्यात, बागबाजारातल्या एका रद्दीच्या दुकानात असतो. माझ्यावर आता जुनी वर्तमानपत्रं आणि पोरांच्या संपलेल्या वह्या चढतात. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूने अशा वेळी डोळे पुसत जुन्या मालकाचे गुण गायचे असतात, हे मला माहीत आहे. मी गाणार नाही. माझ्या त्या मालकावर माझा राग आहे आणि इतक्या वर्षांत तो तसूभरही कमी झालेला नाही.

माझा जन्म १९६८ सालचा, बेहालाच्या एका लहानशा कारखान्यातला. ओतीव लोखंडाचा पाया, छातीएवढा उंच खांब आणि त्यावर भिंतीवरच्या घड्याळाएवढी गोल तबकडी. मिस्त्रीने माझ्यावर वीस-वीस किलोची वजनं एकेक करून चढवली. दर वेळी माझा काटा नेमका रेघेवर थांबला, तेव्हा त्याने माझ्या खांबावर थाप मारली. मी तेव्हा फार फुशारलो होतो. नुसतं बरोबर असलं की झालं, अशी माझी समजूत होती.

मला विकत घेतलं डॉक्टर श्यामसुंदर यांनी. जन्माने कोलकात्याचे, घराण्याने मराठी. एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना. शहरातली मराठी कुटुंबं, मग ती बेहालात राहोत की बागबाजारात, ट्राम बदलून त्यांच्याकडेच यायची. दारात बंगाली डॉक्टर असला तरी यायची. बाजारहाट हिंदीत होतो, कंडक्टरशी मोडक्या बंगालीत निभतं. पण कळ येते की ठणका लागतो, चमक निघते की भरून येतं, हे मराठीतच सांगता येतं अशी त्यांची खात्री होती.

आणि तिथेच त्यांची फसगत व्हायची. सांगायची पाळीच येत नसे.

डॉक्टरांनी मला आत, पडद्यामागे ठेवलं नाही. बाहेर, पेशंटांच्या बाकासमोर ठेवलं. आधी माझ्यावर चढायचं, मग आत जायचं. श्रीकांतबाबू कंपाउंडर आकडा मोठ्याने पुकारायचे, एकदा बंगालीत आणि सगळ्यांना कळावं म्हणून पुन्हा हिंदीत. तो चिठ्ठीवर जायचा, चिठ्ठी आत जायची, आणि माणूस पडद्याआड पोचेपर्यंत डॉक्टरांचं निम्मं निदान उरकलेलं असायचं. येताजाता ते माझी पाठ थोपटत. "हा माझा खरा असिस्टंट. काटा खोटं बोलत नाही."

एक काटकुळे गृहस्थ यायचे. महिन्याला दोन किलो उतरायचे, आणि डॉक्टर त्यांना बाकासमोर उभं करून म्हणायचे, "बघा, ह्याला म्हणतात प्रकृती!" मला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांची पावलं जास्त कळतात. त्यांच्या अंगठ्याची जखम चार महिने माझ्यावर ओला डाग सोडत होती. त्यांना मधुमेहाने पोखरलं होतं. पुढे तो पाय गेला.

कालिंदीबाई पहिल्यांदा आल्या त्या १९७२ च्या पावसाळ्यानंतर. यजमान दिगंबरराव बँकेत अधिकारी. साताऱ्याहून नुकती बदली झालेली. सोबत दहा वर्षांची गुटगुटीत मुलगी, उज्ज्वला. बाई चढल्या. "बिराशी! बयासी!" श्रीकांतबाबू गरजले. बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

"डॉक्टर, दोन जिने चढले की धाप लागते," आतून त्यांचा आवाज आला. "आडवं झालं की जीव घुसमटतो, उठून बसावं लागतं. आणि लहानपणी मला—"

"वहिनी, ब्याऐंशी किलो घेऊन जिने चढल्यावर धाप लागणार नाही तर काय होणार? आधी दहा किलो उतरवा, मग बोलू. भात बंद, तूप बंद, गोड बंद. भूक लागली तर मीठ घालून ताक प्या. हवं तेवढं."

पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं; नाडीसुद्धा पाहिली नाही हो! छातीला नळी लावली नाही. पडदा सरला तेव्हा बाई खाली बघत बाहेर आल्या.

त्यांनी ते पथ्य अक्षरशः पाळलं. भाताला शिवल्या नाहीत, वर गुरुवार धरला आणि खारट ताकावर दिवस काढले. महिन्याने माझ्यावर चढल्या. "चुराशी! चौरासी!"

"वहिनी, माझ्यापासून लपवून काय उपयोग?" डॉक्टर हसत म्हणाले. "कोलकात्याची संदेश मिठाई भलतीच आवडलेली दिसते."

"देवाशपथ, मी काही खाल्लेलं नाही."

"मग काटा खोटं बोलतोय का?"

 सोबत आलेले दिगंबरराव जाताना दारातच पुटपुटले, "घरात खात नाहीस हे मला दिसतं. मी ऑफिसला गेल्यावर काय करतेस?" हे मी ऐकलं. उज्ज्वलानेही ऐकलं.

तिसऱ्या खेपेला अठ्ठ्याऐंशी. त्या दिवशी त्यांची पावलं मला नीट कळली. थंडगार, ताणलेली, आणि चपलेच्या पट्ट्याची खोल खाच कातडीत तशीच रुतून राहिलेली. हे अन्नाचं वजन नव्हतं, पाणी होतं. पण काट्याला पाणी कळत नाही आणि चरबीही कळत नाही. मला फक्त अठ्ठ्याऐंशी कळतं, आणि मी ते चोख दाखवलं. माझ्या त्या चोखपणाची मला आजही शिसारी येते.

मग डॉक्टर नात्यातल्या एका लग्नासाठी पंधरा दिवस पुण्याला गेले. त्यांच्या खुर्चीवर बसायला शेफाली नावाच्या बंगाली डॉक्टरीणबाई आल्या; सगळे त्यांना शेफालीदी, म्हणजे शेफालीताई, म्हणत. कालिंदीबाई आल्या त्या उज्ज्वलाच्या खांद्यावर हात टाकून. मला पाहिलं आणि दारातच थांबल्या. श्रीकांतबाबू म्हणाले, "आइये, चढ़िये." बाई भिंतीला टेकून रडायला लागल्या.

शेफालीदी पडदा सारून बाहेर आल्या. "रहने दीजिये श्रीकांतबाबू. बहनजी, उस पर चढ़ना ज़रूरी नहीं है. अंदर बैठिये. बताइये, क्या तकलीफ़ है?"

जिला मराठीत कोणी बोलू दिलं नव्हतं, ती बाई मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत सुटली. शब्द अडला की उज्ज्वला पुरवायची. धाप सांगितली, घुसमट सांगितली; आणि ते अर्धवट तोडलेलं वाक्यही पुरं झालं: लहानपणी सांधे सुजून महिनाभर ताप आला होता. पडदा उघडाच होता. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला तर खळगा तसाच. मग छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"ये पानी है, बहनजी. चरबी नहीं. बचपन के उस बुखार से दिल का वाल्व ख़राब है, इसलिए पानी भर रहा है. और ये नमक वाली छाछ किसने बताई?"

निरोप मिळून ऑफिसातून धावत आलेले दिगंबरराव तेवढ्यात दारात पोचले होते. एवढा मोठा आजार कळल्यावर माणूस विचारतो, मी वाचेन का? कालिंदीबाईंनी ते विचारलं नाही. त्या हिंदी सोडून मराठीतच म्हणाल्या, "ह्यांना एकदा सांगा डॉक्टर, मी चोरून खात नव्हते."

दिगंबरराव खाली बसून त्यांच्या चपलेचा रुतलेला पट्टा सैल करू लागले. 

इस्पितळात इंजेक्शनांनी पाणी उतरलं. जीव वाचला; पण उपचाराविना काढलेल्या महिन्यांत हृदय पार थकलं होतं, आणि ते काही परत उभारी धरणार नव्हतं. जिना त्यांना कायमचा बंद झाला.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, उज्ज्वलाला ताप होता म्हणून. घराजवळचा डॉक्टर गावाला गेला होता आणि शेफालीदींचा दवाखाना लांब होता, एवढंच कारण. श्यामसुंदर डॉक्टर पडद्याबाहेर आले, त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि चक्क टाळी वाजवली.

"शाब्बास वहिनी! शेवटी पथ्य पाळलंत तर! किती उतरलात?"

बाकावरच्या बायका कौतुकाने बघू लागल्या. मग डॉक्टर उज्ज्वलाकडे वळले. "आता हिला धरायला हवं. चढ ग त्याच्यावर."

पोरीने एक पाऊल माझ्यावर ठेवलं. तापाने ते भाजत होतं. कालिंदीबाईंनी तिला दंडाला धरून खाली ओढलं.

"डॉक्टर, तिला ताप आहे. ताप बघायचा असेल तर बघा."

"अहो, दोन मिनिटांचं काम—"

"माझी दोन मिनिटं तुम्ही कधी ऐकली नाहीत." त्यांना धाप लागली होती, तरी थांबल्या नाहीत. "चल, उज्ज्वला. शेफालीदींकडे जाऊ." आणि जाताना त्यांनी दोन्ही हातांनी माझी तबकडी भिंतीकडे फिरवली.

श्रीकांतबाबूंनी मला लगेच सरळ केलं आणि पुढचा आकडा पुकारला. डॉक्टर थकून दवाखाना बंद करेपर्यंत ते पुकारतच राहिले. म्हणून म्हणतो, मला तुमचं कौतुक नको.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी 'आमची काळजी घ्या' म्हणतात. माझी घेऊ नका. मला तेल देऊ नका, गंज चढू द्या. रद्दीला मी आहे तेवढा पुरे. काळजी घ्यायची असेल तर दारात उभ्या राहिलेल्या माणसाची घ्या. त्याला बसायला सांगा, काय होतंय ते विचारा, आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

उज्ज्वलाचं ते तापलेलं पाऊल क्षणभरच माझ्यावर टेकलं होतं. त्या तापाने माझा काटा हललासुद्धा नाही.