भिंगवाल्यांचं घर

"गुडघे नाही म्हणतायत. तुम्हीच या खाली," जिन्याच्या तळाशी उभं राहून बायकोने हाक मारली.

भिंगवाले फडकं खांद्यावर टाकून उतरले. त्यांचं खरं नाव खात्यातही फारसं कोणी घेत नसे. जुन्या दीपगृहांची भिंगं उतरवायची, तडकलेल्या काचा बदलायच्या, पितळेवरचा हिरवा थर काढायचा आणि काम संपलं की पुढचा किनारा गाठायचा, यातच नोकरी सरली होती. हे शेवटचं दीपगृह. आजचा शेवटचा दिवस. ती न्यायला आली, असं त्यांनी मनाशी धरलं.

"वहिनी, चहा टाकतो," मनोरा रंगवायला आलेला रंगारी म्हणाला आणि स्टोव्हकडे गेला.

तिने खोलीवर नजर फिरवली. एक खाट, भिंतीला टेकलेली शिडी, दोरीवर बनियन, कोपऱ्यात बांधून ठेवलेली वळकटी.

"आवरून झालंय सगळं," ते म्हणाले. "आजच्याच गाडीने तुझ्याबरोबर निघतो. मागच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल टाकीन म्हणतो."

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"अहो, ते घर मी सोडलं. लेक म्हणाली, एकटी किती दिवस राहणार. सामान तिच्याकडे नेलं."

"मला बोलली नाहीस."

"फोन केला होता. तुम्ही म्हणालात, काच बसवतोय, नंतर बोलू."

त्यांना तो फोन आठवला. काच अगदी नीट बसली होती.

"चिडलात?"

"चिडायला मी तिथे होतो कधी?"

"तसं नाही हो. तिच्याकडे तुमचीही सोय होईल. हॉलमध्ये झोपावं लागेल. पोरं पहाटेच उठतात, तेवढं..." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "मागच्या खोलीतली ती खिडकी फुगून बसली होती. उघडायचीच नाही. तुम्ही आलात की सांगू म्हणायचे. पण तुम्ही दमून आलेले असायचात."

रंगारी चहा आणून ठेवून बाहेर गेला. दोघांनी तो गार होईपर्यंत पुरवला.

"मग? निघायचं?" तिने विचारलं.

"तू हो पुढे. माझं थोडं आवरायचं राहिलंय."

तिने मान हलवली. वळकटीकडे पाहिलं नाही.

"उन्हात येऊ नका सोडायला. आणि पोचलात की... येणार असाल तर कळवा."

ती गेल्यावर ते सावकाश वर चढले आणि बाहेरच्या सज्जात जाऊन उभे राहिले. खाली रस्त्यावर ती चालली होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत. वळणाशी थांबली. मागे वळून तिने मनोऱ्याकडे पाहिलं.

भिंगवाल्यांनी हात वर केला.

ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. कपाळावर तळवा धरून ती जरा वेळ मधल्याच एका झरोक्याकडे पाहत राहिली, मग चालू लागली. ती वळणाआड होईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.